घरातील अडगळ आणि ट्रंकेतील कागद

दसरा उलटला की महाराष्ट्रातील घराघरांत माळ्यावरच्या वस्तू खाली येऊ लागतात. पितळी डबे चिंचेने घासले जातात, गाद्या उन्हात पडतात, कोपऱ्यांतील जळमटे निघतात. दोनतीन दिवस सारे घर अंगणात आल्यासारखे दिसते. त्यानंतर त्याच वस्तू, पुसून स्वच्छ होऊन, बहुधा त्याच क्रमाने पुन्हा माळ्यावर चढतात आणि पुढील दसऱ्यापर्यंत तेथेच राहतात. धूळ गेलेली असते. अडगळ मात्र होती तेथेच असते.

कचरा आणि अडगळ यांत फरक आहे. कचरा टाकण्यास कोणाचीही हरकत नसते. जी वस्तू वापरात नाही, परंतु टाकवतही नाही, ती अडगळ होय. तिच्याविषयी निर्णय झालेला नसतो, एवढेच तिचे खरे लक्षण. मूठ तुटलेली कढई, एक काच नसलेला कंदील, थोरल्या मुलाची इयत्ता सातवीची पुस्तके, दूरचित्रवाणी संचाचे रिकामे खोके, जावयाने आणलेले पण कधीही न लावलेले भिंतीवरचे घड्याळ या वस्तूंत दुसरे कोणतेही साम्य नाही. घर आवरणे कठीण का जाते, याचे उत्तर झाडूत किंवा फडक्यात नसून या न झालेल्या निर्णयांत आहे.

जुन्या घरांत हा प्रश्न आजच्या इतका बिकट नव्हता. याचे श्रेय पूर्वजांच्या टापटिपीला देण्याची प्रथा आहे; परंतु ते पूर्णतः खरे नाही. वस्तूच थोड्या होत्या. धान्य बळदात किंवा कणगीत, डाळी-पिठे उतरंडीच्या मडक्यांत, कपडे खुंटीवर अथवा दांडीवर, आणि मोलाचे जे काही असेल ते फडताळात वा पेटीत, अशी बहुतेक घरांची व्यवस्था असे. जुने लुगडे फाटले की त्याची वाकळ होई, वाकळ विरली की तिचे पोतेरे होई आणि पोतेरे संपले की ते उकिरड्यावर जाऊन खत होई. वस्तूला शेवट होता. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली, मग प्लॅस्टिक आले. ही दोन्ही सहजासहजी झिजत नाहीत, मातीत मिसळत नाहीत. घराच्या खोल्या मात्र वाढल्या नाहीत. शहरांतील सदनिकांत तर त्या आकुंचन पावल्या. मग स्वयंपाकघरावर पोटमाळा आला, पलंगाच्या जागी खाली पेटी असलेला दिवाण आला, आणि जेथे जागा निर्माण झाली तेथे ती भरली.

आहेराच्या भांड्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. लग्नकार्यात आलेल्या तांब्या, पेले, ताटे, पातेली यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख यंत्राने कोरून घेण्याची पद्धत अनेक वर्षे होती. त्यामुळे भांडे हे केवळ भांडे राहत नाही. ते आत्याचे किंवा मावशीचे होते, आणि आत्याला माळ्यावरून काढून मोडीत घालणे कोणाच्या जिवावर येणार नाही? परिणामी चार माणसांच्या घरात चाळीस पेले निघतात. तसेच जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देणारी बोहारीण दारी आली की कपड्यांची अडगळ जाते आणि तिच्या जागी आणखी एक स्टीलचा डबा येतो.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही आकडा पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या कालविनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटांचा वेळ विनावेतन घरकामात जात असल्याचे आढळले. घरकामात सहभागी असलेल्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. घरात असलेली प्रत्येक वस्तू कोणीतरी उचलते, तिच्याखालचे झाडते, ती पुसते आणि परत ठेवते. म्हणजे न वापरली जाणारी वस्तूही रोज थोडी मजुरी खातच असते, आणि ती मजुरी बहुधा एकाच व्यक्तीकडून वसूल होते. यास्तव अडगळ काढणे हा हौसेचा किंवा शोभेचा विषय मानणे योग्य होणार नाही.

आधी निवड, मग झाडलोट

जपानमधील कारखान्यांत सुव्यवस्थेची जी पाच पायऱ्यांची पद्धत रूढ झाली आणि पुढे भारतीय उद्योगांनीही स्वीकारली, तिच्यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पहिली पायरी नको असलेल्या वस्तू वेगळ्या काढण्याची, दुसरी उरलेल्या वस्तूंना जागा नेमून देण्याची, आणि झाडलोट तिसरी. आपल्याकडील दिवाळीच्या सफाईत नेमका हा क्रम उलटा होतो. तिसऱ्या पायरीपासून आरंभ होतो आणि पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत माणसे थकलेली असतात.

तथापि यासाठी जपानपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हाधिकारी कार्यालयात तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन सुधारणेचा जो प्रयोग केला, तो राज्यातील प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्यास ‘लखिना पॅटर्न’ या नावाने परिचित आहे. वर्षानुवर्षे साचलेल्या दप्तराची छाननी, अभिलेखांचे वर्गीकरण, बसण्याच्या जागांची फेररचना आणि हवा तो कागद चटकन हाती यावा अशी मांडणी, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत : अ वर्ग कायम जतन करावयाचा, ब वर्ग तीस वर्षे, क वर्ग दहा वर्षे, आणि ड वर्गाचे कागद वर्षभरानंतर नष्ट करावयाचे. टेबलावरील कामासाठीची सहा गठ्ठ्यांची पद्धतही तशीच. तीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा एक स्वतंत्र गठ्ठा असतो आणि नष्ट करावयाच्या कागदांचाही एक.

कार्यालयात ही शिस्त पाळणारी माणसे घरी गेल्यावर ती विसरतात, हे नवल आहे. वास्तविक घराला ही पद्धत अधिकच सोयीची पडते. रोजच्या वापराची वस्तू हाताच्या उंचीवर. वर्षातून एकदोनदा लागणारी, जसे पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, गणपतीची मखर, पावसाळी कांबळी, ही माळ्यावर. कोणाच्या तरी उपयोगाची पण आपल्या नव्हे ती दारात. आणि निकामी ती बाहेर. राहता राहतो तो ‘असू द्या, लागेल कधीतरी’ हा वर्ग. सर्व घोटाळा येथेच होतो. त्यासाठी प्रतीक्षाधीन गठ्ठ्याची युक्ती उपयोगी पडते. अशा सर्व वस्तू एका खोक्यात भरून खोके बंद करावे व त्यावर ठळक अक्षरांत त्या दिवसाची तारीख घालावी. पुढील वर्षी त्याच सुमारास खोके न उघडलेले आढळले, तर आत काय होते हे न पाहता ते देऊन टाकण्याइतका निग्रह सर्वांच्या अंगी नसतो. परंतु निदान अर्ध्या वस्तू तरी त्या वेळी विनासायास निघतात, कारण त्यांच्यावाचून वर्ष गेले हे डोळ्यांसमोर असते.

संपूर्ण घर एकाच वेळी काढण्याचा उत्साह मात्र टाळावा. एका रविवारी एक फडताळ, पुढच्या रविवारी एक पेटी, असे केल्यास काम निभते. सारा पसारा एकदम खाली आणला की संध्याकाळी स्वयंपाकाला जागा राहत नाही, घरात वादावादी होते आणि जे हाताला येईल ते पुन्हा वर कोंबले जाते.

शाळा व ग्रामपंचायतींपुढे याच प्रश्नाचे एक वेगळे रूप असते. मोडकी बाके, फुटके फळे, गंजलेली कपाटे यांनी एखादी वर्गखोली अडून बसलेली असते. आणि ती मोकळी होत नाही याचे कारण आळस नव्हे तर डेडस्टॉक रजिस्टर हे असते. नोंदवहीत वस्तू आहे तोवर ती कोठेतरी असली पाहिजे, ही भीती रास्त आहे. परंतु निर्लेखनाची रीतसर कार्यपद्धती याचसाठी घालून दिलेली आहे, आणि दर वर्षी पडताळणीच्या वेळीच प्रस्ताव पाठविण्याची सवय ठेवल्यास पुढे येणाऱ्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात वीस वर्षांचे भंगार पडत नाही.

अडगळीतील पाहुणे

ग्रामीण भागात अडगळीचा संबंध थेट आरोग्याशी व जीविताशी येतो. गोठ्याच्या भिंतीला लागून रचलेली सरपणाची रास, कौलांचा ढीग, जुन्या पोत्यांची थप्पी या जागा उंदरांना प्रिय असतात, आणि उंदरांमागोमाग साप येतो. महाराष्ट्रात आढळणाऱ्या विषारी सापांपैकी नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विशेष घातक मानले जातात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणारी प्रतिविषाची लस याच चौघांवर उपयोगी पडते. त्यांतील मण्यार रात्री हिंडणारी असून जमिनीवर झोपलेल्या माणसास ती दंश करते, आणि तो दंश पुष्कळदा इतका किरकोळ वाटतो की झोपेत कळतही नाही. सरपण राहत्या घरापासून दूर व जमिनीपासून थोडे उंच रचणे आणि झोपण्याच्या खोलीत जमिनीलगत पोती, खोकी, जुने जोडे न ठेवणे, एवढ्याने धोका बराच उणावतो. कोकणातील विंचवाच्या बाबतीतही हेच लागू आहे.

दुसरा पाहुणा डोळ्यांना सहसा दिसत नाही. डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार करणारा एडिस जातीचा डास गटारापेक्षा स्वच्छ साचलेले पाणी पसंत करतो. गच्चीवरचा जुना टायर, परसातील नारळाची करवंटी, फुटका माठ, उलटा न ठेवलेला रंगाचा डबा यांत पावसाचे चार थेंब साचले की त्याला पुरेसे होते. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात; आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आरोग्य विभागाचा आग्रह असतो, तो या हिशेबावरच आधारलेला आहे. परंतु या डासाची अंडी पाण्याविना कित्येक महिने टिकून राहतात, पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून टायरमधील पाणी ओतून तो पुन्हा तेथेच ठेवणे अपुरे आहे. टायरच हलला पाहिजे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० सालापासून गावोगावच्या गल्ल्या आणि गटारे उजळली. परस आणि गच्ची मात्र ज्याची त्याची राहिली.

ट्रंकेला हात लावण्यापूर्वी

येथवर जे सांगितले ते वस्तूंविषयी. कागदांच्या बाबतीत मात्र घाई अनर्थकारक ठरते, आणि अडगळ काढण्याच्या उत्साहात सर्वांत मोठे नुकसान येथेच होत आले आहे. आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडावी, आत कसर लागलेले, पिवळे पडलेले, न वाचता येणारे कागद दिसावेत, आणि ते किलोच्या भावाने रद्दीत जावेत, असे पुष्कळ घरांत घडते. त्यानंतर काही वर्षांनी त्याच घरातील नात अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीय प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र काढावयास जाते, तेव्हा त्या ट्रंकेची आठवण होते.

महाराष्ट्रात जातीच्या दाव्यासाठी ठराविक दिनांकांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. अर्जदार स्वतः या शतकात जन्मलेला असतो. म्हणजे पुरावा वडिलांचा, आजोबांचा, कित्येकदा पणजोबांचा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदीचा म्हणजे गाव नमुना १४ चा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत, सेवापुस्तकाचे पहिले पान यांपैकी एखादा कागद त्या मुलीचे वर्ष वाचवू शकतो. तो कागद घरात नसल्यास नक्कल मिळविण्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर व तहसील कार्यालयातील अभिलेख कक्ष यांच्याकडे जावे लागते. आणि तेथील पान जीर्ण झालेले असले की मार्ग फारच खडतर होतो. जनरल रजिस्टर हे शाळेने कायम जतन करावयाचे दप्तर का आहे, याची जाणीव शिक्षकांना अशा अर्जदाराच्या चेहऱ्याकडे पाहून जितकी होते तितकी परिपत्रक वाचून होत नसेल.

मोडी लिपीतील कागदांविषयी स्वतंत्रपणे सांगणे इष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाजगी व सरकारी व्यवहारांत मोडीचा सर्रास उपयोग होत असे. त्यानंतरच्या पिढ्यांना ती वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी, असा समज करून घेतला जातो. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि पुढे हे काम राज्यभर विस्तारले, तेव्हा जुन्या मोडी व उर्दू दप्तरांचे वाचन करणाऱ्या जाणकारांची गरज एकाएकी सर्वांना कळली. घरच्या ट्रंकेतील मोडी कागद वाटणीचा असेल, गहाणाचा असेल, किंवा केवळ किराणा हिशेबाचाही असेल. पण तो काय आहे हे जाणकारास दाखविल्याशिवाय ठरविता येत नाही.

इतिहासाचेही त्यात काही अडलेले असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाई येथे जुन्या कागदपत्रांचा संग्रह सापडला, आणि १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. त्या मालेचे पुढे बावीस खंड झाले. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांचे माळे व दप्तरे धुंडाळीत. कित्येक ठिकाणी त्यांच्या आधी वाळवी पोहोचलेली असे. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडे असे कागद सुपूर्द करता येतात. ट्रंकेत राहून कोणाच्याच उपयोगी न पडण्यापेक्षा ते बरे.

याचा अर्थ प्रत्येक कागद ठेवावा असा नव्हे. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, जन्म, मृत्यू व विवाह यांची प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे कागद, सेवाविषयक आदेश व निवृत्तिवेतनाचे कागद हा घरचा अ वर्ग होय. बंद झालेल्या यंत्राचे हमीपत्र, पंधरा वर्षांपूर्वीचे वीजबिल, लग्नपत्रिकांची थप्पी हा ड वर्ग. सातबाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता हवा तेव्हा मिळतो, त्यामुळे त्याच्या वीस वर्षांच्या छायाप्रती साठविण्याचे प्रयोजन उरलेले नाही. परंतु मूळ दस्ताचे काम छायाचित्र करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २००५ च्या जुलैमधील मुंबईचा आणि २०१९ च्या ऑगस्टमधील सांगली-कोल्हापूरचा महापूर ज्यांनी अनुभवला, त्यांना जमिनीलगतच्या कपाटात कागद ठेवण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ज्याची वस्तू, त्याचा शब्द

वडीलधाऱ्यांच्या वस्तूंना त्यांच्या अपरोक्ष हात घालणे हा या कामातील सर्वांत वाईट मार्ग. सून पुणे-मुंबईहून येते, चार दिवसांत घर ‘मोकळे’ करते, आणि सासूबाईंचे जाते विकले गेल्याचे त्यांना भंगारवाला गेल्यानंतर कळते. जात्याची किंमत शेदोनशे रुपये असेल. पण त्या घरात पुढे प्रत्येक वस्तूवर पहारा बसतो आणि एक डबाही जागचा हलत नाही. उलट, ‘आई, हे कोणाला द्यायचे?’ असे विचारले तर उत्तर बहुधा मिळते. टाकून दे, हे म्हणणे त्यांना जड जाते. धाकटीला दे, शेजारच्या कमळीला दे, देवळात दे, हे म्हणणे जड जात नाही. वस्तूला पुढचे घर मिळाले की ती सुटते. एखादी आठवण म्हणून ठेवावयाचीच असेल, तर वीस भांड्यांपैकी नाव कोरलेला एक तांब्या रोजच्या वापरात घ्यावा. माळ्यावरच्या एकोणीस भांड्यांपेक्षा आत्याची आठवण त्याने अधिक राहते.

निघालेल्या वस्तूंचे पुढे काय, हाही विचार हवा. कागद, पत्रा, काच, प्लॅस्टिक यांचे मोल कचरावेचक व भंगारवाल्यांना ठाऊक असते. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि त्यातूनच पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली. त्यांच्या हाती फुटकी काच उघडी देऊ नये. ती जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्यावी. मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया, बॅटऱ्या, नळीचे दिवे, रंगाचे डबे व कीटकनाशकांच्या बाटल्या यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटले होते. शेतकरी कुटुंबांत कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात बियाणे किंवा रॉकेल ठेवण्याची सवय आढळते. कितीही धुतला तरी तो डबा घरात ठेवू नये. त्याला भोक पाडून, तो पुन्हा वापरता येणार नाही असा करून वेगळा द्यावा.

आणि ट्रंक. आतील अ वर्गाचे कागद प्लॅस्टिकच्या लखोट्यांत घालून, त्यांत कडुनिंबाची सुकी पाने अथवा डांबराच्या गोळ्या ठेवून, ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर व उंचावर ठेवावी. झाकणाच्या आतल्या बाजूस कागदांची यादी चिकटवावी, यादीखाली तारीख घालावी, आणि किल्ली कोठे असते हे घरातील निदान दोन माणसांना सांगून ठेवावे; त्यांतील एक शक्यतो पुढच्या पिढीतील असावे.